हिवाळ्यातल्या रानात कुत्र्याला फिरवताना: थंडीपेक्षा ओल सांभाळा

हिवाळ्यात कुत्र्याला रानात न्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न असतो, ‘बाहेर किती अंश?’ त्याहून महत्त्वाचा प्रश्न हा, की तो कोरडा राहणार आहे का. दाट लव असलेला धडधाकट कुत्रा उणे पाच अंशांच्या कोरड्या थंडीत तासभर मजेत हुंदडतो. तोच कुत्रा दोन-तीन अंशांच्या रिपरिप पावसात पोटापर्यंत भिजला आणि वर वारा सुटला, की लवकरच कुडकुडायला लागतो. कारण साधं आहे. केसांच्या आतल्या लवेत हवा अडकलेली असते आणि तीच त्याची गोधडी. भिजलं की त्या हवेची जागा पाणी घेतं, आणि पाणी हवेच्या वीसपटीहून जास्त वेगानं उष्णता ओढून नेतं. पुढची बहुतेक कामं, म्हणजे पंजांतले केस छाटणं, कोट, वाट निवडणं, घरी आल्यावरचं पुसणं, या एकाच गोष्टीसाठी आहेत.

आधी कुत्रा बघा, मग थर्मामीटर

सगळ्या कुत्र्यांना एकच नियम लावता येत नाही. हस्की, मालाम्यूट, बर्नीज माउंटन डॉग यांना आत दाट लव आणि बाहेर राठ केस असं दुहेरी आवरण असतं. ग्रेहाउंड, व्हिपेट, बॉक्सर, डोबरमन यांच्या अंगावर आखूड केसांचा पातळ थर असतो आणि चरबीही बेताची. चिवावासारख्या लहान चणीच्या कुत्र्याचं वजन कमी, पण वजनाच्या मानानं कातडीचं क्षेत्रफळ जास्त, त्यामुळे तो झपाट्यानं गार पडतो. आखूड पायांच्या डॅक्सहुंडचं पोट तर जमिनीला टेकतंच. पिल्लं, म्हातारे कुत्रे, हृदयाचे, मधुमेहाचे किंवा थायरॉइडचे रुग्ण आणि नुकतेच आजारातून उठलेले यांना थंडी नेहमीच जास्त बाधते.

ढोबळ अंदाज असा धरा: सात अंशांच्या खाली नाजूक कुत्र्यांवर लक्ष ठेवायला लागा. शून्याच्या खाली आखूड केसांच्या, लहान आणि म्हाताऱ्या कुत्र्यांना कोट घाला आणि फेरी आवरती घ्या. उणे सातच्या पुढे त्यांना जेमतेम शी-शू करण्यापुरतं बाहेर न्या. उणे बाराच्या पुढे दाट लवेच्या कुत्र्यांचाही वेळ कमी करा. वारा यात धरलेला नाही. उणे पाच अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे तेरासारखं जाणवतं. हा हिशोब माणसाच्या चेहऱ्याचा आहे हे खरं, पण कुत्र्याचे कान, नाक, पोट आणि जांघाही तशाच उघड्या असतात. रानाचा फायदा इथेच मिळतो. झाडीत वारा अडतो, माळावर नाही. म्हणून वाऱ्याच्या दिवशी मोकळ्या डोंगरधारेची वाट सोडून दाट झाडीची निवडा.

पंजे: इथे घाई नको

बर्फात थांबून थांबून चालणारा कुत्रा हट्टी नसतो. बहुतेक वेळा त्याच्या बोटांमध्ये बर्फाचे गोळे झालेले असतात. बोटांच्या मधली कातडी उबदार असते, तिथे लागलेला बर्फ वितळतो, ते पाणी केसांवर पुन्हा गोठतं आणि प्रत्येक पावलाला त्यावर नवा थर चढतो. दहा-पंधरा मिनिटांत वाटाण्याएवढा खडा सुपारीएवढा होतो आणि बोटं फाकवतो. तुम्ही बुटात खडे घालून चालून बघा, म्हणजे कळेल. शून्याच्या आसपासचा ओला, चिकट बर्फ या बाबतीत सगळ्यात वाईट. कडाक्याच्या थंडीतला कोरडा भुरभुरीत बर्फ त्या मानानं कमी चिकटतो.

तयारी आदल्या दिवशी करा. कुत्र्याला कुशीवर झोपवा, पंजा उलटा धरा आणि तळव्यावरच्या मऊ गाद्यांच्या पातळीच्या वर आलेले केस बोथट टोकाच्या कात्रीनं गाद्यांसपाट कापा. कात्री गाद्यांना समांतर चालवा, उभी खुपसू नका. बोटांच्या खोबणीत खोलवरचे केस उकरून काढायचे नाहीत, ते कातडीचं घर्षणापासून रक्षण करतात. नखांसाठी सोपी परीक्षा म्हणजे टणक फरशीवर चालताना ‘टकटक’ आवाज आला की ती लांब आहेत. लांब नखांमुळे बोटं फाकतात आणि मध्ये बर्फ शिरायला जागा होते. छाटणी फिरायच्या दिवशीच करू नका. एखादं नख खोल कापलं गेलं आणि रक्त आलं, तर ते बर्फात पुन्हा पुन्हा उघडतं.

दाराबाहेर पडताना गाद्यांवर आणि बोटांच्या मध्ये पंजांचं मेण किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. पातळ म्हणजे बोट लावलं तर चिकट लागेल, पण ढेकूळ दिसणार नाही इतकाच. जाड थर लावला तर कुत्रा घरातल्या फरशीवर घसरतो आणि बाहेर पालापाचोळा चिकटवून घेतो. रोज रात्री मलम चोपडून गाद्या लोण्यासारख्या मऊ करण्याचा उत्साहही आवरा. थोड्या राठ गाद्याच काट्याकुट्यांत टिकतात. मलम लावायचं ते भेगा पडल्या असतील तेवढ्यापुरतं.

बूट हवेत का? धारदार गोठलेला बर्फ, बर्फ वितळवायला मीठ टाकलेला रस्ता, आधीच भेगाळलेल्या गाद्या, लांब फेरी यांपैकी काही असेल तर हवेत. नुसत्या पालापाचोळ्याच्या वाटेवर नकोत, कारण बुटात जमिनीची पकड आणि स्पर्श दोन्ही कमी होतात. माप घेताना कुत्र्याला कागदावर उभं करा, दुसऱ्या बाजूचा पंजा उचलून धरा म्हणजे सगळा भार मापाच्या पंजावर येईल, आणि दोन्ही कडांना पेन्सिलीची खूण करा. भार न देता घेतलेलं माप नेहमी लहान निघतं. पुढचे पंजे बहुतेक कुत्र्यांत मागच्यांपेक्षा मोठे असतात, तेव्हा चारही बूट एकाच मापाचे घेतले तर मागचे दोन हमखास हरवतात. पट्टा मनगटाच्या सगळ्यात बारीक भागावर बांधा, खाली एक बोट सरकेल इतका घट्ट. वरचं सुटं नख पट्ट्याखाली चेपलं जात नाही ना, ते बघा. पहिल्यांदा बूट घातले की कुत्रा घोड्यासारखे पाय उचलून चालतो. हसा, पण व्हिडिओ काढत बसू नका. लगेच खाऊ द्या, खेळवा आणि पाच मिनिटांत काढा. आठवडाभर हेच घरात करा, मग रानात. रानातही साधारण तासाभरानं एकदा बूट काढून बघा, कारण आत बर्फ शिरला तर तो तिथेच ओला फडका होऊन बसतो.

कोट, हार्नेस आणि दोरी

कोट त्यालाच घाला ज्याला त्याची गरज आहे. जाड लवेचा कुत्रा कोट घालून पळाला की तापतो, धापा टाकतो आणि थांबल्यावर त्याच्या अंगावरची ओल थंड होते. माप म्हणजे मानेच्या मुळापासून शेपटीच्या मुळापर्यंतची पाठ आणि पुढच्या पायांच्या मागे छातीचा घेर. घातल्यावर कुठेही दोन बोटं सरकली पाहिजेत आणि पुढचा पाय उचलताना काखेत कापड ओढलं जायला नको. चांगल्या कोटाची खरी परीक्षा पाठीवर होत नाही, पोटावर होते. ओल खालून येते, आणि बाजारातले बरेचसे कोट फक्त पाठ झाकतात. बाहेरून पाणी न शिरणारं, आतून ऊबदार आणि छाती-पोट झाकणारं असं बघून घ्या. ओला झालेला कोट अंगावर ठेवण्यापेक्षा काढलेला बरा.

दोरी हार्नेसला, म्हणजे छाती-पाठीभोवतीच्या पट्ट्याला लावा, गळ्यातल्या पट्ट्याला नको. घसरत्या जमिनीवर अचानक झटका बसतो आणि तो मानेवर यायला नको. दीड ते दोन मीटरची साधी दोरी वाटेवर पुरते. मोकळं हुंदडू द्यायचं असेल तर पाच ते दहा मीटरची लांब दोरी हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला बांधा. आपोआप गुंडाळणारी दोरी हिवाळ्यात घरीच राहू द्या, कारण तिचा खटका गोठतो आणि बारीक दोर हातमोजा नसलेल्या बोटांना कापतो. कमरेला बांधायची दोरी निसरड्या उतारावर घातक आहे. कुत्र्यानं ओढलं की तोल तुमचा जातो आणि हात मोकळे असूनही उपयोग होत नाही.

पिशवीत काय घ्यावं

- सुकं, पातळ मायक्रोफायबरचं फडकं दोन. एक पंजांना, एक पोटाला. फडकं एकच घेतलं तर ते पहिल्या पुसण्यातच भिजतं.
- थर्मासमध्ये कोमट पाणी. कुत्र्याला दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागतं, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला जवळपास लिटरभर. दोन तासांच्या फेरीला ३०० ते ४०० मिलिलिटर न्या.
- मऊ खाऊचे बारीक तुकडे, आतल्या खिशात. बाहेरच्या खिशात ते दगड होतात.
- गॉज, स्वतःला चिकटणारी पट्टी, चिमटा, एक जादा बूट, फॉइलचं आपत्कालीन ब्लँकेट आणि गुदमार्गानं तापमान मोजायचं थर्मामीटर.
- चमकती एलईडी कॉलर आणि भडक नारिंगी जाकीट. शिकारीच्या मोसमात हे जाकीट तुम्हालाही हवं.
- स्वतःचा खाऊ वेगळ्या बंद डब्यात. बेदाणे, चॉकलेट, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं च्युइंगगम हे तिन्ही कुत्र्याला विषारी आहेत, आणि पिशवी जमिनीवर ठेवली की तो पहिलं नाक तिच्यातच घालतो.

फोन आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा. थंडीत बॅटरी चाळीस टक्क्यांवरून सरळ बंद पडते. माणसांची वेदनाशामकं प्रथमोपचाराच्या पिशवीत कुत्र्यासाठी म्हणून ठेवू नका. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉलनं कुत्र्याची मूत्रपिंडं किंवा यकृत जाऊ शकतं.

निघण्याआधी एक-दोन तास भरपेट जेवण देऊ नका. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांमध्ये पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो. मूठभर खाऊ चालतो.

वाटेवर

पहिली पाच ते दहा मिनिटं दोरीवर, सावकाश चालवा. थंडीत स्नायू आखडलेले असतात आणि थेट चेंडूमागे पळालेला कुत्रा लंगडत परततो. सांधे दुखणाऱ्या म्हाताऱ्यासाठी दीड तासाच्या एका फेरीपेक्षा वीस-वीस मिनिटांच्या दोन फेऱ्या चांगल्या.

खोल बर्फात तुम्ही पुढे राहा आणि वाट तुडवा, कुत्रा मागून येईल. छातीएवढ्या बर्फात तो चालत नाही, पोहतो, आणि दहा मिनिटांत दमतो. वरून कडक पापुद्रा आणि खाली भुसभुशीत बर्फ असेल तर पापुद्रा तुटून त्याच्या कडा नडग्यांना आणि मनगटांना कापतात. बर्फावर लाल ठिपके दिसले तर आधी तेच तपासा.

दर १५ ते २० मिनिटांनी थांबून चारही पंजे हातात घ्या. गोळा सापडला की ओढू नका, केसांसकट कातडी ओढली जाते. हातमोजा काढा, तळहातात पंजा धरून अर्धा मिनिट ऊब द्या आणि गोळा बोटांनी चिरडून फोडा. लांब केसांच्या कुत्र्याच्या पोटावर आणि पायांवर लटकलेल्या गोळ्यांसाठी एक भन्नाट साधन आहे, अंडी फेटायचं तारांचं फेटणं. केसांच्या दिशेनं हलकेच वरून खाली ओढलं की गोळे तारांत अडकून फुटतात आणि केस उपटत नाहीत.

बर्फ खाऊ देऊ नका, निदान गिळून गिळून तर नकोच. पोट गार पडून उलटी-जुलाब होतात आणि बर्फाखाली काय पुरलेलं आहे ते कुणालाच दिसत नाही. बर्फ खातोय म्हणजे तहानलेला आहे, थांबा आणि कोमट पाणी पाजा. काठ्या फेकण्याचा खेळही रानात नको. जमिनीत रोवलेल्या टोकावर झेपावलेल्या कुत्र्याचा घसा फाटतो. सोबत घेतलेली रबरी खेळणी वापरा.

हरणांसारखे प्राणी हिवाळ्यात साठवलेल्या चरबीवर जगत असतात. एका पाठलागानं त्यांची जी शक्ती जाते ती त्यांना परत भरून काढता येत नाही. तुमची हाक हमखास लागत नसेल, तर कुत्रा लांब दोरीवरच ठेवा. हाकेपेक्षा शिट्टी चांगली, ती वाऱ्यात लांब जाते आणि तिच्यात तुमचा राग ऐकू येत नाही. हाक मारून आलेल्या कुत्र्याला प्रत्येक वेळी खाऊ द्या आणि दहापैकी नऊ वेळा पुन्हा सोडा. हाक म्हणजे ‘आता घरी’ हे त्यानं एकदा शिकलं की तो येईनासा होतो.

गोठलेलं तळं, डबकं किंवा ओढा दिसला की दोरी आखूड करा. माणसानं पायी जायला स्वच्छ, टणक बर्फाचा थर निदान १० सेंटिमीटर लागतो असं मानतात. पण बर्फ सगळीकडे सारखा नसतो. पाणी वाहतं तिथे, झऱ्याच्या तोंडाशी, लव्हाळ्यांच्या काठाला आणि वर हिम साचलेल्या जागी तो पातळ असतो. कुत्रा आत पडला तर तुम्ही बर्फावर जायचं नाही. काठावरून त्याला नाव घेऊन आरडाओरडा न करता बोलवत राहा, आपत्कालीन सेवेला फोन करा आणि दोरी टाकून बघा. बर्फाच्या कडेला पुढचे पाय टेकवून बऱ्याचदा कुत्राच बाहेर येतो. त्याच्यामागे गेलेला माणूस मात्र त्याच पाण्यात अडकतो.

परत कधी वळायचं

कुत्रा ‘मला गारठलंय’ असं सांगत नाही. तुमच्यासोबत असल्याच्या आनंदात तो चालत राहतो. म्हणून निर्णय तुम्ही घ्यायचा, आणि तो लवकर घ्यायचा. ठरवलेल्या वेळेचा तिसरा हिस्सा संपला की वळा. परतीची वाट दमलेल्या पायांनी, गार अंगानं आणि कमी उजेडात चालायची असते, ती तितक्याच वेळात कापता येत नाही. झाडीत संध्याकाळ लवकर होते, सूर्यास्ताच्या तासभर आधी रानातून बाहेर पडायचं धरून चाला.

खुणा क्रमानं दिसतात. आधी तो वास घेणं कमी करतो आणि तुमच्या पायाशी येऊन चालतो. मग एक पंजा उचलून धरतो. मग पाठ कमानीसारखी वाकवतो, शेपटी खाली घालतो, कुडकुडतो आणि बसायला जागा शोधतो. शेवटची खूण सगळ्यात फसवी आहे: कुडकुडणं अचानक थांबतं आणि तो शांत, सुस्त होतो. ते बरं वाटण्याचं लक्षण नाही. शरीरानं हार मानली आहे.

बिघडलंच तर

कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश असतं. ३७ च्या खाली गेलं तर लगेच ऊब द्यायला लागा, ३५ च्या खाली गेलं तर गाडी पशुवैद्याच्या दिशेनं वळवा. आधी ओला कोट काढा, फडक्यानं दाबून पाणी शोषून घ्या, चोळू नका. मग जाकिटात गुंडाळून फॉइलचं ब्लँकेट वरून घाला. गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून छातीला आणि पोटाला लावा, पायांना नाही. आधी हातपाय गरम केले तर तिथलं गार रक्त हृदयाकडे परत जातं आणि आतलं तापमान आणखी उतरतं. गाडीतला हीटर थेट अंगावर नको, कारण गारठलेल्या कातडीला चटका कळत नाही. शुद्धीत असेल आणि नीट गिळत असेल तर कोमट पाणी थोडं थोडं द्या.

हिमदाह, म्हणजे थंडीनं कातडी गोठून होणारी इजा, कानाच्या टोकांना, शेपटीला, पंजांना आणि नरांच्या अंडकोशांना होतो. कातडी फिकट किंवा करडी, टणक आणि गार लागते. चोळायचं नाही, बर्फ लावायचा तर मुळीच नाही. घरी किंवा गाडीत, पुन्हा गोठण्याची शक्यता नाही अशा ठिकाणी, ४० ते ४२ अंशांच्या कोमट पाण्यात तो भाग बुडवा किंवा कोमट फडकी ठेवा, टिपून कोरडा करा आणि पशुवैद्याकडे न्या. कातडी काळी पडणं काही दिवसांनी दिसतं, म्हणून ‘ठीक वाटतंय’ म्हणून सोडून देऊ नका.

गादी कापली तर स्वच्छ पाण्यानं धुवा, गॉज दाबून पाच मिनिटं धरा, मग पट्टी गुंडाळा आणि वरून जादा बूट घाला. पट्टी घट्ट झाली तर बोटं सुजतात, बोटं गार आणि फिकट दिसली तर सैल करा. चालता येत नसेल तर तुमचं जाकीट पोटाखालून घालून दोघांनी झोळी करून उचला. एकट्यानं ३० किलोचा कुत्रा अर्धा किलोमीटर नेणं अवघड आहे, याचा विचार वाट निवडतानाच करा.

घरी आल्यावर

घाई असते, पण पहिली दहा मिनिटं कुत्र्याची. कोमट पाण्याच्या टबात एकेक पंजा बुडवून बोटांच्या मध्ये बोटं फिरवा. रस्त्यावर टाकलेलं मीठ चाटून कुत्र्यांना उलट्या होतात आणि कातडीही जळते, म्हणून पोटही पुसा. मग कोरडं करा. ओल लपते त्या जागा चार: काखा, जांघा, बोटांच्या खोबणी आणि कानांची आतली बाजू. वरचे केस सुके दिसले तरी बोटं मुळापर्यंत नेऊन बघा, आतली लव ओली राहिली तर तिथे खाज आणि ओले चट्टे उठतात. हेअर ड्रायर कमी उष्णतेवर, हातभर लांबून.

पुसता पुसता गोचीड शोधा. चार अंशांच्या वर तापमान गेलं की काही जातींच्या गोचिडी हिवाळ्यातही जाग्या असतात, आणि पालापाचोळा त्यांना ऊब देतो. सापडली तर चिमट्यानं कातडीलगत पकडून सरळ, एकाच दाबानं ओढा. तेल लावणं किंवा काडी पेटवणं सोडा.

दुसऱ्या दिवशी शेपटी मुळापासून लोंबकळताना दिसली आणि हात लावताच कुत्रा दचकला, तर गार पाण्यात पोहल्यामुळे शेपटीच्या स्नायूंना इजा झालेली असू शकते. काही दिवसांत बरं होतं, पण दुखतं, तेव्हा वेदनाशामक पशुवैद्याकडूनच घ्या.

गाडी उभी केलेल्या जागेवरची चकचकीत, गोडसर डबकी मात्र कधीही चाटू देऊ नका. गाडीच्या रेडिएटरमधलं इथिलीन ग्लायकॉल काही चमचेही लहान कुत्र्याचा जीव घेऊ शकतं. तो दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खाऊ लागतो, काही तासांत बरा झाल्यासारखा वाटतो आणि नंतर मूत्रपिंडं बंद पडतात. चाटल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न बघता लगेच निघा, आणि जाता जाता दवाखान्यात फोन करून ‘रेडिएटरचं पाणी चाटलंय’ असं स्पष्ट सांगा, म्हणजे पोचेपर्यंत औषधाची तयारी होईल.